पापणी मिटेना, भुवई उतरेना: कॉस्मेटिक ऑपरेशन बिघडल्यावर काय काय करता येतं

प्रश्न असा आलाय. खानापूरकडच्या एक ताई आहेत, वय ४८, शाळेत शिकवतात. साडेचार महिन्यांपूर्वी एका मोठ्या शहरात जाऊन त्यांनी भुवया वर उचलून घेतल्या, वरच्या पापण्यांची जादा कातडी काढली आणि खालच्या पिशव्याही काढल्या, तिन्ही कामं एकाच दिवशी. आता भुवया कायम वर चढलेल्या, डावा डोळा रात्री पूर्ण मिटत नाही, खालची पापणी खाली ओढली गेल्यामुळं बुबुळाच्या खालचं पांढरं दिसतं, आणि वरच्या पापणीवर खोबण पडलीय. वर्गातली पोरं विचारतात, "बाई, घाबरलासा काय?" घरचे म्हणतात नसता उद्योग केलीस. मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. विचारणं असं की हे परत ऑपरेशन करून सुधारतं का, लग्नाआधी होईल का, आणि त्याच डॉक्टरांकडे जावं की दुसरीकडे.

ताई, मी पापण्यांचीच ऑपरेशनं करतो, वीसेक वर्षं झाली, आणि त्यातली बरीचशी दुसरीकडे झालेली दुरुस्त करायचीच असतात, त्यामुळं मोकळं सांगतो. बरंचसं सुधारतं, अगदी पहिल्यासारखं सगळं होत नाही, आणि लग्नाआधी नको. का नको ते पुढं सांगतो, पण त्याच्याआधी एक काम आज रात्रीपासूनचं आहे.

तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात आणि त्यात डोळा न मिटण्याची तिसऱ्या ओळीत, भुवयांच्या नंतर. माझ्यासाठी ती पहिली. बाकीचं सगळं दिसण्याचं आहे, हे डोळ्याचं आहे. आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो आणि दरवेळी बुबुळावर पाण्याचा पातळ थर पसरतो. रात्री फट राहिली तर तो थर तेवढ्या जागेत वाळतो, वरची नाजूक साल निघते, सकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, लाल होतो, उजेड सहन होत नाही. बऱ्याच लोकांचा डोळा मिटताना आतल्या आत वर फिरतो, त्यामुळं फट राहिली तरी बुबुळ वरच्या पापणीखाली लपतं आणि निभावतं. ज्यांचा फिरत नाही त्यांना धोका जास्त. घरच्या कुणालातरी सांगा, तुम्ही झोपल्यावर मोबाईलच्या मंद उजेडात बघून घ्या, फटीतून नुसतं पांढरं दिसतंय का काळंही दिसतंय. काळं दिसत असेल तर या आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा, ते पिवळ्या रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात बघतात, साल निघालेली जागा हिरवी चमकते, पाच मिनिटांचं काम.

तोवर दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूंचे थेंब दोन-दोन तासांनी, झोपताना जेल किंवा मलम, आणि डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणं पापणी आधी हातानं पूर्ण मिटवून मग वर मायक्रोपोर टेप. टेप अर्धवट मिटलेल्या डोळ्यावर लागला तर तोच बुबुळाला घासतो, म्हणून स्वतःच्या मनानं चिकटवू नका. पंख्याच्या खाली झोपू नका. स्कूटीवर जाताना हेल्मेटची काच खाली. आणि आपल्याकडचं खास म्हणजे शेतात जाणं होत असेल तर उसाच्या पाल्यापासून जपा, साध्या डोळ्यालाही पाला लागून बुबुळात बुरशी होते, उघड्या राहणाऱ्या डोळ्याला तर आयतं आमंत्रण. सगळ्यात वाईट म्हणजे मेडिकलमध्ये जाऊन "डोळा लाल झालाय, काहीतरी द्या" म्हणणं. मिळतो बहुतेक वेळा स्टेरॉइडचा थेंब, दोन दिवस छान वाटतं आणि आत बुरशी असेल तर ती पसरते. दुखणं वाढलं, नजर धूसर झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी दाखवायचं, सोमवारची ओपीडी बघत बसायचं नाही.

आता दुरुस्तीकडे. लोक येतात ते "कुठलं ऑपरेशन करायचं" विचारत येतात. मी आधी बघतो की कमी काय पडलंय. कातडी कमी पडलीय, का आतला थर आकसलाय, का पापणी सैल पडलीय, का चरबी जास्त निघालीय, का मुळात भुवईच चुकीच्या जागी बसलीय. शिंप्यानं ब्लाऊज घट्ट शिवला तर शिवण उसवून सैल करता येते, पण कापडच कमी कापलं असेल तर उसवून काय होणार, जोडच द्यावा लागतो. पापणीचं तसंच. आणि इथं बाजारात जाऊन त्याच रंगाचं कापड आणायची सोय नाही, ते तुमच्याच अंगावरून घ्यावं लागतं. म्हणून चुकून कमी कापलं तर मला काळजी नसते, दहा मिनिटांत आणखी थोडं काढता येतं. जास्त कापलेलं भरून काढणं हे खरं काम.

आरशासमोर एक करून बघा. डाव्या भुवईवर बोट ठेवा, हळूच खाली सरकवा, ती हाडाच्या कडेवर येईल एवढीच, आणि आता डोळा मिटा. मिटला? तर पापणीवर कातडी पुरेशी आहे, भुवईनंच ती वर ओढून धरलीय. भुवई खाली आणूनही फट राहिली तर पापणीवरच कातडी तोकडी आहे. दोन्ही कामं एकदम केली की हा घोळ हमखास होतो. पापणीची कातडी मोजताना भुवई कुठं बसणार हे आधी ठरायला पाहिजे. आमच्यात ढोबळ हिशोब असा की भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण २० मिलिमीटर कातडी शिल्लक राहायला पाहिजे. भुवई खाली असताना मोजून २० ठेवले आणि नंतर भुवई वर बांधली, तर वरच्या बाजूनं ताण आलाच.

भुवईपासून सुरू करू. बायकांची भुवई हाडाच्या कडेच्या थोडी वर, बाहेरच्या बाजूला जरा चढती, पुरुषांची कडेवरच आणि सपाट. "घाबरलेला" चेहरा बहुतेक वेळा भुवईचं नाकाकडचं टोक जास्त वर गेल्यानं होतो, बाहेरचं टोक वर गेलं तर एवढं खटकत नाही. पहिल्या काही आठवड्यांत हे लक्षात आलं असतं तर आतले टाके किंवा अडकवण्या सैल करून भुवई खाली घेता आली असती. आता ती वेळ गेली. पण दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची आहे, उचललेली भुवई पहिल्या सहा महिने-वर्षभरात आपणहून थोडी उतरते. सगळ्यांची सारखी उतरत नाही, तरी उतरते. मधल्या काळात कपाळाच्या स्नायूत वरच्या भागात बोटॉक्सचे थोडे पॉइंट देता येतात. भुवई वर उचलणारा स्नायू तोच, तो ढिला पडला की भुवई दोन-तीन मिलिमीटर खाली येते, परिणाम आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो.

आणि मला हे बोटॉक्स दिसण्यापेक्षा तपासणी म्हणून जास्त आवडतं. भुवई खाली आल्यावर डोळा नीट मिटायला लागला तर पापणीवर कातडीचा जोड घालायचा विषयच संपतो. अट एकच, हे कपाळावर वरच द्यायचं. खाली, पापणी मिटवणाऱ्या स्नायूत गेलं तर आहे ती मिटण्याची ताकदही जाईल, आणि त्याहून आत झिरपलं तर पापणी लोंबेल. म्हणून ब्युटीपार्लरमधल्या "डॉक्टर संडेला येतात" कॅम्पमध्ये नको, एवढंच म्हणतो.

वर्षानंतरही भुवई वरच राहिली तर उलटं ऑपरेशन असतं, कपाळाची कातडी हाडावरून परत सुटी करून, वण मोकळा करून, खालच्या जागी बांधायची. जमतं, पण वर उचलण्याइतका खात्रीचा निकाल नाही, एक-दोन मिलिमीटर इकडंतिकडं होणार हे आधीच धरून चालायचं. एकच भुवई वर असेल तर आधी बघायला हवं की ती वर आहे की दुसरी खाली. कपाळाची नस कानशिलावरून जाते, ती दुखावली तर त्या बाजूची भुवई हलत नाही, आणि माणूस चांगल्या बाजूला दोष देत बसतो. अशी नस बहुतेकदा काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परत चालू होते, तोवर चांगल्या बाजूला थोडं बोटॉक्स देऊन दोन्ही सारख्या ठेवता येतात. डोक्याला बधिरपणा, मुंग्या, खाज, वणाच्या कडेचे केस गळणं, यातलं बरंचसं आपणहून जातं, केस चार-सहा महिन्यांत येतात, बधिरपणाला कधी वर्षही लागतं.

याच्या अगदी उलटी तक्रारही खूप असते, ती सांगून ठेवतो कारण वाचणाऱ्यांत असे असतील. पापणीचं ऑपरेशन केलं, कातडी काढली, आणि सहा महिन्यांत परत जडपणा, "काहीच फरक पडला नाही, पैसे गेले". बऱ्याचदा तिथं भुवईच लोंबलेली असते. आधी जड पापणीमुळं माणूस दिवसभर कपाळ वर ओढून बघत असतो, पापणी हलकी झाली की कपाळ ढिलं पडतं आणि भुवई खाली येते. अशा माणसाची पापणी आणखी कापली की भुवई पापणीला शिवली गेल्यासारखी होते, आणि मग माझ्याकडे येतात. तिथं कापायचं नसतं, भुवई उचलायची असते.

वरच्या पापणीत खरंच कातडी कमी असेल तर पहिले सहा महिने वण मऊ व्हायची वाट, मसाज, थेंब. फट एक-दोन मिलिमीटरची असेल आणि बुबुळ चांगलं असेल तर पुष्कळांचं यातच भागतं. नाही भागलं तर कातडीचा जोड. पापणीची कातडी ही अंगावरची सगळ्यात पातळ, एक मिलिमीटरही नसते, तशी दुसरी पापणीच. पण तुमच्या चारही पापण्यांवर आधीच कात्री चाललीय म्हणून तिथून काही मिळणार नाही, मग कानामागची घेतो, नाहीतर गळ्याच्या हाडाच्या वरची. रंग थोडा वेगळा दिसतो, आपल्या सावळ्या कातडीत सुरवातीला काळपटच दिसतो, डोळा मिटल्यावर पट्टी कळते. हे आधी ऐकून घ्या, कारण "दिसायला चांगलं" म्हणून सुरू झालेल्या प्रवासात डोळा वाचवायला दिसण्यात थोडं मागं यावं लागतं, आणि ते पचायला जड जातं.

पापणीची घडी फार वर गेली असेल किंवा दोन डोळ्यांच्या घड्या वेगळ्या असतील तर लक्षात ठेवा, खालची घडी वर नेणं सोपं, वरची खाली आणणं किचकट, कारण जुना वण सोडवून मधे काहीतरी भरावं लागतं, नाहीतर ती परत तिथंच चिकटते. काही जणांची पापणी ऑपरेशननंतर लोंबते, बुबुळ अर्धं झाकतं. पापणी उचलणारा स्नायू दुखावला असेल किंवा ती आधीपासूनच थोडी लोंबत असेल आणि जादा कातडीमुळं कुणाच्या लक्षात आली नसेल. तो स्नायू पुढं ओढून बांधता येतो. इथं एक गंमत असते, एका बाजूची लोंबणारी पापणी उचलली की दुसऱ्या दिवशी दुसरी लोंबते, कारण मेंदू दोन्ही पापण्यांना सारखीच ताकद पाठवतो, एक जड म्हणून दोघींना जास्त जात होती, ती कमी झाली. हे आधी बोट लावून तपासायचं असतं. सकाळी ठीक आणि संध्याकाळी लोंबते असं असेल तर ऑपरेशनच्या आधी स्नायूच्या एका वेगळ्याच आजाराची तपासणी करायला हवी.

खालची पापणी हा सगळ्यात अवघड भाग, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणार. नीट बसलेली खालची पापणी बुबुळाच्या खालच्या कडेला टेकलेली असते. तुमची खाली आलीय, पांढरं दिसतं, बाहेरचा कोपरा गोल झाला असेल, डोळ्यातून पाणीही येत असेल. पापणीला तीन थर असतात असं समजा, बाहेरचा कातडी आणि स्नायूचा, मधला पडद्याचा, आतला कडक पट्टीचा आणि गुळगुळीत आवरणाचा. बाहेरचा कमी पडला तर पापणी बाहेर उलटते. मधला आकसला तर न उलटता सरळ खाली ओढली जाते, सदऱ्याचं अस्तर धुतल्यावर आकसलं की वरचं कापड कसं चुणतं तसं. आणि पापणी मुळातच सैल असेल, तर थोड्या ओढीनंही खाली येते.

कुठला थर ते बोटांनी कळतं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला एक बोट लावून हलकेच वर-बाहेर धरलं आणि पापणी जागेवर आली, तर ती फक्त सैल आहे, बाहेरचा कोपरा हाडाला घट्ट बांधून भागेल. पापणीच्या आतल्या कडक थराची बारीक पट्टी मोकळी करून हाडाला बांधायची ही पद्धत १९७९ पासून चालत आलीय आणि अजून आम्ही तीच करतो. कोपरा धरून येत नाही, मधे बोट लावून पापणी वर ढकलली तरी अडकते, दोरी बांधल्यासारखी, तर मधला पडदा चिकटलाय, तो सोडवून मधे तुकडा बसवावा लागतो, टाळूचा किंवा कानाच्या कुर्चेचा. टाळूचा घेतला तर दोन आठवडे तिखट बंद, तांबडा रस्सा नाही, मिरचीचा ठेचा नाही, हे सांगितल्यावर काहीजण कानाचाच घ्या म्हणतात. आणि अख्खा गाल वर ढकलला तरच पापणी येत असेल तर कातडीच कमी आहे, किंवा गालाच्या वजनानं ती खाली जातेय, मग गाल वर उचलून बांधायचा नाहीतर कातडीचा जोड. आणखी एक खूण, तोंड मोठं उघडून वर छताकडं बघा, पापणी आणखी खाली गेली तर कातडी कमी.

कोपरा बांधायचं काम सोपं वाटतं म्हणून काहीजण सगळ्यालाच तेच करतात. ज्यांचे डोळे जरा पुढं आलेले आणि गालाचं हाड बसकं, त्यांना नुसता कोपरा घट्ट केला तर पापणी वर येण्याऐवजी डोळ्याच्या गोळ्याखाली घसरते. पोट सुटलेल्या माणसाचा पट्टा बघा, जेवढा आवळेल तेवढा पोटाखाली जातो. अशांना मधे तुकडा, गालाला आधार आणि मगच कोपरा. एकाच बैठकीत सगळं करायला दोन-अडीच तास लागतात आणि तरीही शंभर टक्के बरोबरी मी कुणाला लिहून देत नाही.

ऑपरेशनशिवाय काय? वण अजून ताजा आहे तोवर मसाज खरंच काम करतो. हात धुवून, बोटाला मलम लावून, खालची पापणी वर आणि बाहेर, कानाच्या दिशेला, दिवसातून चार-पाच वेळा पाच मिनिटं. रात्री टेप, पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानशिलाकडं वर ओढून. पापणीतल्या कडक वणात स्टेरॉइडचं किंवा फ्लुरोयुरॅसिल नावाच्या, वणाची वाढ रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देता येतं, स्टेरॉइडनं आपल्या रंगाच्या कातडीवर पांढरा डाग पडू शकतो आणि कातडी पातळ होते म्हणून थोड्या डोसात, माहितगार हातानं. साडेचार महिने हे फार उशिराचं नाही, अजून फायदा होईल.

आता घाई का नको. ताजा वण हा ओल्या सिमेंटसारखा नसतो, तो चिडलेला असतो, त्याला हात लावला की आणखी घट्ट होतो. मऊ व्हायला सहा महिने, खालच्या पापणीत कधी वर्ष. मी स्वतः ही चूक केलीय. प्रॅक्टिसच्या सुरवातीच्या वर्षांत चिकोडीकडच्या एक वहिनी आल्या होत्या, दुसरीकडे झालेलं खालच्या पापणीचं ऑपरेशन, पापणी ओढलेली, तिसरा महिना चालू, आणि घरात दिराचं लग्न. घरचे सगळे मागं लागले, "डॉक्टर, लग्नात फोटोत दिसंल हो". मीही तेव्हा नवा, नाही म्हणायला जमलं नाही. केलं. लग्नात छान दिसल्या. दीड महिन्यानं पापणी परत खाली, आणि आधीपेक्षा कडक. वर्षानं परत सगळं सोडवून कानामागची कातडी घालून करावं लागलं, जे नीट थांबलो असतो तर कदाचित फक्त कोपरा बांधून झालं असतं. त्या वहिनी अजून दिवाळीला कुंदा पाठवतात आणि मला दरवेळी ते आठवतं. तेव्हापासून माझ्याकडं लग्न, वास्तुशांती, मुंज कशासाठीही तारीख मिळत नाही. घाई फक्त बुबुळ उघडं पडून खराब होत असेल, आत पू झाला असेल, किंवा रक्त साठून दाब वाढला असेल तर.

रक्त साठण्याचं सांगून ठेवतो कारण दुसऱ्या ऑपरेशनलाही ते लागू आहे. डोळ्याच्या मागं रक्त साठून नजर जाणं फार क्वचित, सौंदर्याच्या पापणी ऑपरेशनांत रक्तस्राव साधारण दोन हजारात एक आणि कायमची नजर जाणं वीस हजारांहून जास्त लोकांत एखादं असा हिशोब आमच्याकडे धरतात, पण झालं तर तासा-दोन तासांत दाब सोडावा लागतो. बहुतेक पहिल्या चोवीस तासांत होतं. डोळा दगडासारखा कडक, पुढं आलेला, जोरात दुखतोय, दिसेना, अशा वेळी पट्टी न काढता सकाळपर्यंत थांबणं म्हणजे संपलं. म्हणून ऑपरेशन करून रात्रीच्या बसनं गावी निघणाऱ्यांना मी सोडत नाही. पहिली रात्र गावातच, आणि फोन उचलणारा डॉक्टर.

वरच्या खोबणीचं. चरबी जास्त निघाली की डोळा खोल जातो, माणूस आजारी दिसतो. हायल्युरॉनिक ॲसिडचा फिलर, म्हणजे खड्डा भरायचं जेल, सुईनं भरता येतो, चुकलं तर त्याला विरघळवणारं इंजेक्शन आहे, हाच त्याचा मोठा फायदा. कातडीच्या फार जवळ भरलं तर निळसर छटा दिसते. जे विरघळत नाहीत असे फिलर डोळ्याभोवती नकोच. आणि फिलर रक्तवाहिनीत गेला तर नजर जाऊ शकते, क्वचित, पण खरं आहे, म्हणून भरणाऱ्याला विचारा की विरघळवणारं औषध इथं कपाटात आहे का, मागवून देतो म्हणाले तर उठून या. स्वतःची चरबी पोटातून घेऊन भरता येते, ती काही विरते, काही टिकते, गाठ झाली तर ती विरघळवता येत नाही. तुमच्या बाबतीत मी हे सगळ्यात शेवटी करेन. भुवई कुठं बसते ते ठरू दे, नाहीतर आज भरलेलं उद्या जास्त होईल.

वणाचं पटकन. पापणीवर गाठाळ वण फार क्वचित होतो, भुवईजवळ होऊ शकतो. टाक्यांच्या जागी पांढरे दाणे आले तर सुईनं काढायचे, दोन मिनिटं. नाकाकडच्या कोपऱ्यात जाळीसारखी पट्टी ताणली असेल तर ती झेड आकारात कापून मोकळी करतात. काळपटपणाला ऊन टाळा आणि धीर धरा. "गोरं करणारी" ट्यूब डोळ्याजवळ लावू नका, त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं आणि डोळ्याचं प्रेशर वाढतं. आणि खालची काळी वर्तुळं कातडीच्या रंगाची असतील तर ती कुठल्याही ऑपरेशनानं जात नाहीत, पिशव्या काढायला येणाऱ्या निम्म्या लोकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

कुणाकडे जायचं? आधी त्याच डॉक्टरांकडे एकदा जा. भांडायला नाही, कागद घ्यायला आणि ऐकायला. किती कातडी काढली, चरबी कुठून काढली, भुवई कशानं बांधली, आत स्क्रू आहे का टाके, हे त्यांनाच माहीत. वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत, त्यात रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आणि पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं असं आहे. लेखी अर्ज करा, डिस्चार्ज कार्डवर भागवू नका, ऑपरेशनची नोट मागा. सहीच्या फॉर्मची कॉपीही मागा. आपल्या भागात अर्धे लोक कानडी किंवा इंग्लिश फॉर्मवर न वाचताच सही करतात, ज्याला वाचता येतं तोही "तिथं फुली मारलीय तिथं सही करा" म्हटल्यावर करतो. पुढच्या वेळी मराठीत वाचून दाखवा म्हणायला लाजू नका, ऑपरेशन थिएटरच्या दारात नाही, आदल्या दिवशी.

त्यांच्यावर भरवसा राहिला नसेल तर दुसरं मत घ्या, ऑक्युलोप्लास्टी, म्हणजे पापण्यांची प्लास्टिक सर्जरी, शिकलेल्या डोळ्याच्या सर्जनकडे किंवा पापण्यांचं नियमित काम करणाऱ्या प्लास्टिक सर्जनकडे. बेळगावात, कोल्हापुरात, हुबळीत, गोव्यात अशी माणसं आहेत, फार गुंतागुंतीचं असेल तर हैदराबाद, मदुराई, चेन्नईच्या मोठ्या डोळ्यांच्या संस्था. विचारायचं एकच, तुम्ही पहिलं ऑपरेशन किती करता ते नको, दुसऱ्यांनी केलेलं किती दुरुस्त केलंय आणि त्यातलं बिघडलेलं एखादं सांगा. माझ्यात कधी बिघडतच नाही म्हणणाऱ्यानं एकतर कमी केलीत किंवा पेशंट परत बघितलेले नाहीत.

दुसऱ्या ऑपरेशनआधी थायरॉइडची रक्ततपासणी करा, कारण थायरॉइडनंही पापण्या मागं ओढल्या जातात आणि डोळे मोठे दिसतात, आणि दोष पहिल्या डॉक्टरवर जातो. अश्रूंची कागदी पट्टीची तपासणी करून घ्या, पाच मिनिटांत पट्टी किती ओली होते ते बघतात. साखर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या सांगा, गोळ्या मनानं बंद करू नका. आणि घरात कुणी तंबाखू, मिसरी, विडी. तुम्ही मिसरी लावत असाल तर दुसऱ्या ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी बंद. निपाणीच्या पट्ट्यात राहून तंबाखू सोडा सांगणारा मी वेडाच, पण निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि लावलेला कातडीचा जोड काळा पडून मरतो.

तुमचा क्रम मी असा धरेन. आज डोळा जपायचा. महिनाभर मसाज आणि टेप. त्यानंतर तपासून कपाळाला थोडं बोटॉक्स, ते लग्नाच्या आधी तीन आठवडे झालं तर भुवया फोटोपुरत्या खालीही येतील, म्हणजे लग्नासाठी ऑपरेशनशिवाय एवढं होऊ शकतं. सहाव्या-सातव्या महिन्यात खालची पापणी परत मोजायची, तीच आधी दुरुस्त करायची. वरच्या कातडीचा निर्णय वर्षानं. खोबण सगळ्यात शेवटी. आणि तोवर मोबाईलची सेल्फी बंद, हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि डोळे वेडेवाकडे दिसतात, तो फोटो झूम करून रात्री दोनला बघणारे पेशंट मला माहितीयेत.

दाखवायला याल तेव्हा ऑपरेशनचे कागद, चालू थेंबांच्या बाटल्या, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे दोन-तीन फोटो आणा, समोरून काढलेले, शाळेच्या ग्रुप फोटोतला असला तरी चालेल. तुमची भुवई तेव्हा कुठं होती ते मला त्यातच बघायचंय. आणि स्कूटीवर येऊ नका, वाऱ्यानं डोळा वाळतो, बसनं या, खिडकीची काच लावून.